बर्फावर परफॉर्मन्स गाडी शिकवणारे कोर्स: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

गोठलेल्या तळ्यावर दोन-तीन दिवस ताकदवान गाडी चालवायला देणाऱ्या कोर्सची जाहिरात बघा. आडवी होत चाललेली गाडी, मागे उडणारा बर्फाचा फवारा, सोनेरी ऊन. असे कोर्स उत्तम असू शकतात आणि अशी गाडी हिवाळ्यात रस्त्यावर काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावेत, असं आमचं ठाम मत आहे. पण त्यांतला कुठला चांगला, हे फवाऱ्यावरून ठरवता येत नाही. ताशी ३० किमी वेगाने, एका मोठ्या वर्तुळात, गाडी सतत घसरत असताना तुम्ही स्वतः किती मिनिटं स्टिअरिंगवर होतात आणि गाडीला टायर कोणते होते, या दोन गोष्टींवर तो ठरतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, पण या लेखात हिम म्हणजे आभाळातून पडलेलं, भुसभुशीत किंवा चाकांखाली दाबलं गेलेलं, आणि बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी. टायरच्या दृष्टीने हे दोन वेगळे पृष्ठभाग आहेत. हिमात टायरची नक्षी रुतते आणि खाचांत भरलेलं हिम खालच्या हिमाला धरतं. बर्फावर रुतायला काहीच नसतं.

कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ ते १ असतो, दाबलेल्या हिमावर ०.२ ते ०.३ आणि बर्फावर ०.१च्या आसपास. ताशी ५० किमी वेगात ब्रेक पूर्ण लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर यावरून काढता येतं: ०.८ला सुमारे १२ मीटर, ०.२५ला ३९ मीटर, ०.१ला ९८ मीटर. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. वळणाचंही तेच. ५० मीटर त्रिज्येचं जे वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ७० किमीला निघतं, ते दाबलेल्या हिमावर ४०ला आणि बर्फावर २५ला संपतं. गाडी ६०० अश्वशक्तीची असो वा ६०ची, हे आकडे बदलत नाहीत. ताकदवान गाडीत फरक एवढाच की चुकीच्या वेगापर्यंत ती फार लवकर पोचते. ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर हे आणखी फसवं होतं. चारही चाकं ओढत असल्याने निघताना पाय घसरल्याची जाणीवच होत नाही. थांबायला मात्र प्रत्येक गाडी चारही चाकांवरच थांबते, त्यामुळे तिथे ऑल-व्हील ड्राइव्हचा काडीचा फायदा नाही.

हे कोर्स कुठे होतात? उत्पादक कंपन्यांच्या कार्यक्रमांचा मोठा भाग उत्तर युरोपात आहे. पोर्शेचा फिनलंडमधल्या लेवीला, औडीचा मुओनिओला, मर्सिडीज-एएमजीचा स्वीडनमधल्या आर्येप्लोगला. आर्येप्लोग हे हिवाळी चाचण्यांचं गाव आहे. बॉशसारख्या कंपन्या ब्रेक आणि स्थिरता नियंत्रणाच्या यंत्रणा तिथल्याच गोठलेल्या तळ्यांवर तपासतात, त्यामुळे बर्फ खरवडून ट्रॅक राखणारी कसबी माणसं त्या भागात आहेत. लँबोर्गिनी इटलीतल्या लिविन्योला जाते. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या स्टीमबोट स्प्रिंग्जला १९८३ साली सुरू झालेली शाळा वेगळ्या घडणीची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

चांगला कोर्स गाडी सुरू करायच्या आधीच ओळखू येतो, कारण तो बसण्यापासून सुरू होतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात सरळ पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. जाड जॅकेट काढायचं, कारण त्यामुळे पट्टा शरीराला घट्ट बसत नाही. बूट पातळ तळव्याचे हवेत. बाहेर उणे २० असलं तरी गाडीत जाड हिमबूट नकोत, कारण बर्फावर ॲक्सिलरेटरचा पाच मिलिमीटरचा फरक पायाला कळावा लागतो. प्रशिक्षकाने यावर दहा मिनिटं घालवली नाहीत, तर पुढच्या दिवसाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

मग ब्रेक. ताशी ४० ते ५० किमीला पेडल दणक्यात, शेवटपर्यंत दाबायचं आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचं नाही. एबीएसमुळे (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पेडल थरथरतं, खडखडाट होतो आणि बहुतेकांचा पाय त्याच क्षणी आपोआप सैल पडतो. ही सवय मोडायला पाच-सहा फेऱ्या लागतात. त्यानंतर तेच ब्रेक दाबून ठेवून एका शंकूला वळसा घालायचा. इथे कळतं की टायरकडे पकडीची एकच थैली आहे. सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळायला काही उरत नाही. एबीएस दोन्हीकडे थोडी-थोडी वाटतं, म्हणून गाडी वळते, पण अंतर वाढतं. प्रशिक्षक चांगला असेल तर भुसभुशीत हिमावरचा अपवादही दाखवतो. तिथे लॉक झालेलं चाक पुढे हिमाची पाचर साठवतं आणि गाडी त्या पाचरीवर अडते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, पाचर साठू देत नाही आणि थांबायला जास्त अंतर लागतं. एबीएस बिघडलाय असं समजून घाबरणारे लोक असतात, त्यांच्यासाठी हा एक धडा फार मोलाचा.

कोर्सचा गाभा म्हणजे वर्तुळ. ४० ते ६० मीटर त्रिज्येचं, सपाट, कडेला भरपूर मोकळी जागा असलेलं. रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत ईएससी (गाडीची स्थिरता नियंत्रण यंत्रणा) पूर्ण बंद करून इथे तुम्हाला तीन गोष्टी शिकायच्या असतात.

पहिली, गाडीचं नाक बाहेर जाऊ लागलं की स्टिअरिंग आणखी वळवायचं नाही. हात आपोआप जास्त वळवतात, कारण मेंदूला वाटतं की कमी पडतंय. प्रत्यक्षात पुढचे टायर आधीच घासत सरकत असतात आणि जास्त कोन दिल्याने ते नांगरासारखे ओढले जातात. ॲक्सिलरेटर हळूच कमी करायचा, स्टिअरिंग थोडं सरळ करायचं आणि वाट बघायची. या वाट बघण्यात एक-दीड सेकंद जातो आणि शिकणाऱ्याला तो फार लांब वाटतो. पुढच्या चाकांवर वजन आलं की ती पुन्हा धरतात. त्या वेळी स्टिअरिंग जास्त वळलेलं असेल तर गाडी एकदम आत झेप घेते आणि मागचा भाग सुटतो. बर्फावरच्या बऱ्याच घिरट्यांची सुरुवात असं अंडरस्टीअर, म्हणजे नाक बाहेर जाणं, चुकीचं हाताळण्यातून होते. वर्तुळावर हे दहा वेळा घडू द्यावं लागतं.

दुसरी, मागचा भाग सुटला की नजर. डोळे जिथे जातात तिथे हात जातात. प्रशिक्षक रेडिओवरून सतत ‘बाजूच्या काचेतून बघ’ असं ओरडत असतो त्याचं कारण हेच. काउंटरस्टीअर, म्हणजे मागचा भाग ज्या बाजूला सरकतोय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवणं, लवकर आणि पुरेसं द्यावं लागतं. पण त्याहून जास्त लोक चुकतात ते ते परत काढून घेण्यात. गाडी सावरू लागली, मागचे टायर धरले आणि स्टिअरिंग अजून उलट्या बाजूला असेल, तर गाडी दुसऱ्या दिशेला फेकली जाते. हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा जोराचा असतो. रस्त्यावर समोरच्या लेनमध्ये गाडी जाते ती याच दुसऱ्या झटक्यात. म्हणून चांगला प्रशिक्षक घसरण सुरू करायला जेवढा वेळ देतो, त्याच्या दुप्पट ती संपवायला देतो.

तिसरी, ॲक्सिलरेटर हा बर्फावर दुसरा स्टिअरिंग आहे. थोडा वाढवला तर मागचा भाग बाहेर, थोडा कमी केला तर आत. पूर्ण सोडला तर वजन एकदम पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि ती सुटतात. घाबरून पाय उचलणं ही सगळ्यात नैसर्गिक आणि बऱ्याचदा सगळ्यात चुकीची हालचाल आहे.

इथून पुढे गाडीप्रमाणे धडा बदलतो आणि बरेच कोर्स इथेच कमी पडतात. एकाच जातीची गाडी देऊन तेच सगळीकडे चालेल असं सांगितलं जातं. मागे इंजिन असलेल्या गाडीत पुढचा भाग हलका असतो, म्हणून वळणात शिरण्याआधी हलका ब्रेक लावून नाक खाली आणावं लागतं. नाही तर स्टिअरिंग वळवूनही ती सरळच जाते. पुढे मोठं, जोरकस इंजिन असलेल्या रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये निघताना दुसरा गिअर घ्यावा आणि ॲक्सिलरेटरचा सर्वात सौम्य मोड. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये घसरण सुरू झाल्यावर ताकद दिली की चारही चाकं ओढतात आणि गाडी नाक जिकडे आहे तिकडे निघते. म्हणून काउंटरस्टीअर कमी लागतं, पण नाक योग्य दिशेला असणं जास्त गरजेचं. फ्रंट-व्हील ड्राइव्ह हॉट हॅचमध्ये (छोट्या पण ताकदवान हॅचबॅकमध्ये) मागचा भाग सुटल्यावर पाय सोडण्याऐवजी हलकी ताकद द्यायची म्हणजे पुढची चाकं गाडीला सरळ ओढून काढतात.

विजेच्या ताकदवान गाड्यांसाठी वेगळा तास हवाच. ॲक्सिलरेटर सोडला की रीजनरेशन (मोटर वीज परत बनवत गाडीला रोखते ते) लागू होतं आणि ते मागच्या मोटरवर असेल तर बर्फावर ते हँडब्रेक ओढल्यासारखं वागू शकतं. रीजन सर्वात कमी पातळीवर ठेवणं, सिंगल-पेडल मोड (नुसता ॲक्सिलरेटर सोडून गाडी थांबवण्याची सोय) बंद करणं आणि पाय हळू उचलणं, या तिन्ही गोष्टी वर्तुळावर करून बघितल्याशिवाय पटत नाहीत. या गाड्यांचं वजनही दोन टनांच्या पलीकडे जातं. घर्षणाच्या हिशोबात थांबण्याचं अंतर वजनावर अवलंबून नसतं हे खरं, पण एकदा फिरू लागलेल्या जड गाडीचं फिरणं रोखायला जास्त जोर लागतो.

आता या कोर्सवरची आमची सर्वात मोठी तक्रार: खिळे.

तळ्यावरच्या बऱ्याच कोर्सच्या गाड्यांना खिळ्यांचे टायर असतात. कारण समजण्यासारखं आहे. नुसत्या बर्फावर दिवसभर दहा-बारा गाड्या फिरल्या की दुपारपर्यंत तो आरशासारखा घोटला जातो आणि बिनखिळ्यांच्या टायरवर गाडी वर्तुळात राहीनाशी होते. खिळे बर्फ खरवडत राहतात, वेग वाढतो, शिकणाऱ्याला मजा येते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये रस्त्यावरही खिळे चालतात. पण जर्मनीत खिळ्यांना मनाई आहे आणि जगातले बहुतेक परफॉर्मन्स गाडीवाले हिवाळ्यात बिनखिळ्यांचे टायरच वापरतात. तीन दिवस खिळ्यांवर शिकलेला माणूस घरी जाताना हात आणि नजर घेऊन जातो, ते उत्तमच. पण त्यासोबत पकडीचा चुकीचा अंदाजही घेऊन जातो. बर्फावर किती लवकर ब्रेक लावायचा, ही जाणीव पायात बसते, डोक्यात नाही, आणि ती चुकीची बसली तर ती धोक्याची आहे.

म्हणून नोंदणीआधी पहिला प्रश्न हाच विचारा: किमान अर्धा दिवस बिनखिळ्यांच्या हिवाळी टायरवर मिळेल का? स्टीमबोट स्प्रिंग्जच्या शाळेचं वेगळेपण इथेच. तिथे रस्त्यावर मिळणारे बिनखिळ्यांचे हिवाळी टायर वापरण्याची पद्धत राहिली आहे. वेग कमी, दृश्य कमी नाट्यमय, पण घरी नेण्यासारखं जास्त. फक्त मजा हवी असेल तर खिळे घ्या, त्यात वावगं काही नाही. सुरक्षित चालवायला शिकायचं असेल तर निवड वेगळी.

दुसरी उणीव तळ्याच्या सपाटपणाची. तळं सपाट असतं, रस्ता नसतो. बर्फावर गुणांक ०.१ असताना सपाट जागी ताशी ३० किमीवरून गाडी ३५ मीटरमध्ये थांबते. त्याच बर्फावर ८ टक्के उतार असेल तर घर्षणातला बहुतेक हिस्सा उतारच खातो आणि अंतर सुमारे १७५ मीटरवर जातं. १० टक्के उतारावर ती थांबतच नाही. डोंगरात रिसॉर्टला जाणाऱ्या माणसाला हा एक धडा वर्तुळावरच्या शंभर घिरट्यांपेक्षा जास्त कामाचा आहे आणि तळ्यावर तो देता येत नाही. डोंगरातले कोर्स इथे सरस ठरतात. उताराच्या आधी, सपाटीवर असतानाच वेग उतरवणं, खालचा गिअर अगोदर घेणं आणि गिअर खाली टाकताना मागची चाकं इंजिनच्या ओढीने लॉक होऊ न देणं, हे तिथे शिकवता येतं.

तिसरी उणीव अर्ध्या-अर्ध्या पृष्ठभागाची. उजवी चाकं हिमावर, डावी ओल्या डांबरावर, ही परिस्थिती खऱ्या रस्त्यावर रोज येते. अशात जोरात ब्रेक लावला की गाडी जास्त पकडीच्या बाजूला खेचते आणि स्टिअरिंगवर लहान, चटकन सुधारणा करावी लागते. काही केंद्रांत त्यासाठी तापवलेल्या डांबराची पट्टी असते. ती असेल तर कोर्सला आमच्याकडून जादा गुण.

ईएससीबद्दल दोन शब्द, कारण ‘सगळं बंद करून चालवणं म्हणजे खरं चालवणं’ असा एक समज या कोर्समधून पसरतो. बॉशची ईएसपी (ईएससीचंच बॉशने दिलेलं नाव) १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली आणि नोव्हेंबर २०१४पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या गाडीत ती सक्तीची आहे. ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते. कुठल्याही माणसाकडे चार ब्रेक पेडल नसतात. तळ्यावर ती बंद करायची ते घसरण कशी वाटते हे कळावं म्हणून. रस्त्यावर ती चालू. रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) बंद करण्याचं एकच योग्य कारण आहे: गाडी हिमात रुतली आहे आणि चाक फिरू दिल्याशिवाय निघत नाही. निघाली की लगेच चालू. चांगला कोर्स शेवटच्या फेऱ्या ईएससी चालू ठेवून करायला लावतो, म्हणजे तुमचे हात आणि यंत्रणा एकमेकांशी भांडतात की नाही हे कळतं. स्पोर्ट मोडमध्ये यंत्रणा थोडी घसरण होऊ देते. बहुतेक शिकणाऱ्यांची जागा तिथे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

नोंदणी करताना आणखी काय तपासायचं? एका गाडीत दोघं असतील तर दिवसाचे सहा तास तीन होतात. त्यातून सूचना, जेवण, अडकलेली गाडी ओढून काढणं वजा करा, म्हणजे हातात दीड-दोन तास उरतात. तिघं असतील तर तो कोर्स घेऊ नका. शेजारी बसून बघण्यातही शिकायला मिळतं, पण पायाला शिकायला मिळत नाही. प्रत्येक गाडीत रेडिओ आहे का, एका प्रशिक्षकामागे किती गाड्या आहेत, तो कधी शेजारी बसतो की नुसता कडेला उभा राहून बोलतो, हे विचारा. नुकसानीचा करार नीट वाचा. तळ्याच्या कडेचे हिमाचे ढीग ताजे असताना मऊ असतात, पण रात्रभर गोठले की भिंतीसारखे होतात, आणि पुढचा बंपर आणि स्प्लिटर (बंपरखालची पुढे आलेली पट्टी) तिथेच जातो. नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम किती, हे पहिल्या दिवशी सकाळी नाही, पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे.

महिना फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला भाग निवडा. लेवी आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य उगवतच नाही. फेब्रुवारीत उजेड पुरेसा असतो आणि तळ्याचा थर जाड. गाडीसाठी स्वच्छ, घट्ट बर्फ साधारण ३० सेंटिमीटर तरी लागतो आणि हवा मिसळलेल्या पांढरट बर्फाची ताकद साधारण निम्मी धरतात. आयोजक रोज जाडी मोजतो का, हे निःसंकोच विचारा. तापमानाचा आणखी एक परिणाम: शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ सर्वात निसरडा. उणे २०ला तोच बर्फ कोरडा होतो आणि बरीच जास्त पकड देतो. म्हणजे कडाक्याच्या थंडीत शिकलेलं, शून्याजवळच्या दिवशी जसंच्या तसं लागू पडत नाही.

परत आल्यावर स्वतःच्या गाडीचं काय, याचं उत्तर बहुतेक कोर्स देत नाहीत, म्हणून इथे थोडं सविस्तर.

हातात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर कोर्सआधी हिवाळी टायर घ्या. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. ट्रॅकसाठीचे, अर्धे रेसिंग म्हणावेत असे टायर तर शून्याखाली वाकवले किंवा गाडी हलवली तरी तडकू शकतात, उत्पादक स्वतःच तसा इशारा देतात. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं एम+एस (चिखल आणि हिम) हे अक्षरचिन्ह पुरेसं नाही, कारण त्यामागे हिमावरची चाचणी असेलच असं नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४पासून हिवाळ्यासाठी फक्त हिमकणाचं चिन्ह ग्राह्य आहे.

चारही टायर हवेत. फक्त ओढणाऱ्या दोन चाकांना बसवले तर फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीचा मागचा भाग पहिल्याच ब्रेकला सुटतो. रुंदी शक्यतो कमी. अरुंद टायर हिम कापत खाली जातो, रुंद टायर वर तरंगतो. रिम एक इंच लहान घेतला तर उंच साइडवॉल मिळते, खड्डा आणि गोठलेली कड सोसते. पण मोठ्या ब्रेक कॅलिपरवर लहान रिम बसतोच असं नाही. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो), कॅलिपरपासूनची मोकळी जागा, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि टायर प्रेशरचा सेन्सर, या चार गोष्टी गाडीच्या हँडबुकमधल्या मान्य मापांशी ताडून बघा. ऑल-व्हील ड्राइव्हला पुढच्या-मागच्या टायरचा घेर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच हवा. पुढे झिजलेले आणि मागे नवे असं केलं तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच सतत घसरत तापतो.

नक्षी ४ मिमीच्या खाली गेली की हिवाळी टायरचं हिमावरचं काम संपत येतं. ऑस्ट्रियात हिवाळी रेडियल टायरला किमान ४ मिमीचीच अट आहे, स्वीडनमध्ये ३ मिमी. हवा दर १० अंशांच्या घसरणीला साधारण ०.१ बार कमी होते. गॅरेजमध्ये २० अंशांना २.५ बार भरलेला टायर उणे २०ला २च्या आसपास येतो. म्हणून हवा थंड टायरमध्ये, बाहेर भरायची.

गाडीची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा. ती १२० मिमी असेल तर त्याहून खोल हिमात पुढचा ओठ फावड्यासारखा हिम गोळा करतो, गाडी त्यावर चढते आणि चाकं अधांतरी होतात. मग कुठलाही टायर काही करू शकत नाही. रिमच्या आतल्या बाजूला हिम भरून गोठलं की ताशी ७०-८०ला स्टिअरिंग थरथरतं. व्हील बॅलन्सिंग करायला धावू नका, आधी आतून हिम काढा. कार्बन-सिरॅमिक ब्रेक थंड आणि ओले असताना पहिल्या दाबाला कमी पकडतात, म्हणून अधूनमधून मागे कोणी नसताना हलका ब्रेक लावून ते कोरडे ठेवा. उभी करताना पार्किंग ब्रेक गोठू शकतो. सपाट जागा बघून, हँडबुक परवानगी देत असेल तर, गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवा. काचेच्या पाण्याचं मिश्रण तिथल्या किमान तापमानापेक्षा खालचं हवं.

आणि हिम पडायच्या आधी, घरीच, टो हुक बसवून बघा. बंपरमधलं झाकण कुठून उघडतं ते शोधा, हुक टूलकिटमध्ये खरंच आहे ना ते पाहा आणि तो कुठल्या दिशेने फिरतो ते तपासा. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट होतो. अंधारात, उणे १५ला, हातमोजे घालून हे शोधायची वेळ येऊ देऊ नका. हुक शेवटपर्यंत आवळला नसेल तर ओढताना आटे तुटतात आणि तो लोखंडाचा तुकडा दोराबरोबर ओढणाऱ्याच्या दिशेने सुटतो.